नवऱ्याच्या पश्चात सातबाऱ्यावर नाव कसे लावून घ्यावे

तेरावा होतो, पाहुणे पांगतात आणि आठवड्याभरात कोणीतरी म्हणते, "चला वहिनी, तालुक्याला जाऊन सही करून येऊ, वारसाची नोंद करायचीय." बाई जाते, सांगतील तिथे अंगठा करते. तो कागद हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा होता, हे तिला कळते दोन-तीन वर्षांनी, पीककर्जासाठी बँकेत उभी राहिल्यावर.

म्हणून पहिली पायरी हीच. कागद विश्वासातल्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा करू नका. वारस नोंदीचा अर्ज गावच्या तलाठ्याकडे जातो. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. हक्कसोडपत्र मात्र तालुक्याला दुय्यम निबंधकासमोर नोंदवावे लागते. कोणत्या ऑफिसात नेताय, एवढा प्रश्न विचारला तरी निम्मा धोका टळतो.

दुसरी पायरी, आपला हिस्सा किती ते समजून घ्या. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस, आणि प्रत्येकाचा हिस्सा सारखा. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि सासूबाई असतील तर नवऱ्याच्या वाट्याचे पाच सारखे भाग होतात. मुलीचे लग्न झालेले असले तरी तिचा भाग कमी होत नाही. हे वारस असताना दिराला त्या वाट्यात हिस्सा नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी नवऱ्याचा वाटा किती ते ठरते, मग हे गणित. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबात वैयक्तिक कायद्याप्रमाणे, मुले असतील तर पत्नीला आठवा हिस्सा मिळतो.

आता कागद. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून दाखल्याच्या दोन-तीन प्रती घ्या. सोबत चालू सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), रेशनकार्ड, सगळ्यांचे आधार, आणि सर्व वारसांची नावे, वय, नाते, पत्ता लिहिलेले प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र. एकाही वारसाचे नाव गाळू नका. गाळलेले नावच पुढे भांडणाचे मूळ होते.

अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत द्यावा, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सांगते. उशीर झाला म्हणून वारसा बुडत नाही, तेव्हा जुनी प्रकरणेही बेलाशक काढा. अर्ज ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन करता येतो. हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच मागताना अवघडू नका. चौकशीनंतर वारस नोंदवहीत नावे चढतात, फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, लिहिला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नोंद मंजूर झाली की नवा सातबारा काढा आणि आपले नाव कोणत्या रकान्यात आहे ते बघा. कितीतरी घरांत मुलांची नावे भोगवटादार, म्हणजे जमिनीचे धारक, म्हणून लागतात, आणि आई व बहिणी जातात "इतर हक्क" या रकान्यात. गावात सगळे सांगतात, "नाव लागलंय की!" पण खात्याची मालकीण ठरायला नाव भोगवटादार सदरीच हवे. बँक तेच बघते. वारस म्हणून तुमचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे, म्हणून अर्जातच स्पष्ट लिहा: "माझे नाव भोगवटादार सदरी घ्यावे." एका ओळीचे काम आहे, पण ती ओळ लिहायची कोणी सुचवत नाही.

तसेच नुसते मोठ्या मुलाचे किंवा दिराचे नाव "ए.कु.पु.", म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी, म्हणून लागले असेल तर गप्प राहू नका. मुले लहान असतील तर त्यांच्या नावापुढे "अ.पा.क.", म्हणजे अज्ञान पालक कर्ता, लिहून पालनकर्त्याचे नाव येते. हिंदू कायद्याप्रमाणे वडिलांनंतर नैसर्गिक पालक आईच आहे. तिथे काकांचे नाव दिसले तर लगेच लेखी हरकत घ्या.

"उद्या ही दुसरं लग्न करील, मग जमीन परक्याच्या घरात जाईल," असे तोंडावर म्हटले जाते. वारशाने एकदा मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने परत जात नाही, आणि त्या जमिनीची ती पूर्ण मालक असते. हे वाक्य पाठ करून ठेवा, बोलून दाखवायची वेळ येते.

कोणी हरकत घेतली तर सुनावणी होते. तारखेला स्वतः हजर राहा. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. फेरफार हा महसुली कागद आहे. मालकीचा खरा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. वकिलाच्या फीची धास्ती घेऊन मागे फिरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत साधा अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. घरातून हाकलण्याची धमकी किंवा मारहाण असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

नवरा हयात असताना हे वाचत असाल तर आजच त्याच्याशी बोला. त्याच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने "लक्ष्मीमुक्ती" म्हणून गावोगाव हाच आग्रह धरला होता.

नोंद झाल्यावर फेरफार क्रमांक वहीत लिहून ठेवा, सातबारा आणि आठ-अ च्या प्रती माहेरी किंवा मैत्रिणीकडेही एक संच राहील अशा ठेवा, आणि पुढच्या हंगामाआधी त्या घेऊन स्वतः बँकेत जा.