पुरानंतर कच्छात बाइक घालण्याआधी

बडोद्याहून कच्छच्या कच्च्या वाटांवर डर्ट बाइक नेणाऱ्यांसाठी: कोरड्या नदीतून लोंढा गेला असेल तर जुना जीपीएस ट्रॅक फक्त दिशेपुरता धरा. काठ खालून पोखरलेला असतो, कडेला बाइक उभी करू नका.

खरी फसगत गाळ करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचा पूर ओसरल्यावर ज्यांनी घरातला गाळ उपसला, त्यांना हे वेगळं सांगायला नको: वर पापुद्रा, खाली लोणी. पात्रात बाइक घालण्याआधी स्वतः चालून बघा. टाच दाबल्यावर पाणी पाझरलं किंवा गाळ बुटाला चिकटून आला, तर सरळ वळसा घ्या. रंग फिकट आणि पापुद्र्याच्या कडा वर वळलेल्या असतील तर बहुधा चालेल. काळपट ओल दिसली तर नाहीच. रणाकाठी मिठाच्या पांढऱ्या थराला तर अजिबात भुलू नका, फोटो कितीही छान येत असला तरी.

वाहतं पाणी गढूळ असेल तर काठीनं तळ चाचपा. डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस असू शकतो, म्हणून पात्रात तंबू नको. परतल्यावर बाइक लगेच गोड्या पाण्यानं धुवा, चेनला तेल द्या आणि एअर फिल्टर काढून बघा.