साबण, कलेजी आणि मायटोकॉन्ड्रिया

आमची तासगावला द्राक्षबाग. फवारणी करून आलेले वडील अंघोळ होईपर्यंत आम्हाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. ते 'औषध' अंगात गेलं तर लिव्हरच्या पेशीत काय होतं, हे कळावं म्हणून सांगलीत एम.एस्सी.ला मी प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. तुम्हीही घेणार असाल तर विषाची बाटली इतक्यात उघडू नका. आधी धड मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे बारीक कण, वेगळे काढता यायला हवेत.

मी खाटकाकडून बोकडाची ताजी कलेजी आणायचे, बर्फात ठेवलेल्या ०.२५ मोलर सुक्रोजमध्ये (साखरेच्या द्रावणात) बुडवूनच. लाल पाणी यायचं थांबेपर्यंत तुकडे धुवायचे आणि होमोजिनायझरचा (पेशी फोडून लगदा करणाऱ्या उपकरणाचा) दांडा अगदी सावकाश, मोजक्या वेळा फिरवायचा. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ६०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पट बलाला) फिरवलं की केंद्रकं नि अर्धवट फुटलेल्या पेशी खाली बसतात. वरचं द्रावण १०,००० जीला फिरवलं की तळाशी तपकिरी गोळा मिळतो. त्यावरचा पांढुरका, सैल थर मोह न धरता काढून टाका; त्यात फुटकेच जास्त.

पहिल्या महिन्यात माझं सगळं बिनसलं. मायटोकॉन्ड्रिया फुगले की ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशाला द्रावण किती अडवतं त्याचं रीडिंग उतरतं. माझं रीडिंग काहीही न घालता उतरत होतं! मायटोकॉन्ड्रियाच्या पटलातलं (आवरणातलं) छिद्र कॅल्शियममुळे उघडत असेल तर सायक्लोस्पोरिन-ए हे औषध ते रोखतं. तेही घालून पाहिलं, उतार तसाच. म्हणजे छिद्र नव्हे, पटलच विरघळत होतं. होमोजिनायझरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालून हलवलं तर बारीक फेस आला. साबण! मेदाचं पटल त्याच्यापुढे कसलं टिकतंय.

रसायन निवडतानाही विचार करा. रोटेनोन हे कीटकनाशक मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीच्या (ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीच्या) पहिल्या संकुलाला थेट अडवतं, त्यामुळे सुट्या मायटोकॉन्ड्रियावर परिणाम लगेच दिसतो. पॅरासिटामॉलचं तसं नाही. त्यातून नॅपक्वी (NAPQI) हा विषारी पदार्थ तयार करणारी एन्झाइमं मुख्यतः पेशीतल्या अंतर्द्रव्यजालिकेत (एंडोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये) असतात. आपण ती धुऊन टाकलेली. तिथे अख्ख्या पेशीच हव्यात, नाहीतर 'परिणाम नाही' असा चुकीचा निष्कर्ष लिहून बसाल. आणि रसायन डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल तर तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओची एक नळी प्रत्येक वेळी लावा.

माझा होमोजिनायझर आता वेगळ्या ट्रेमध्ये असतो. काम झालं की लगेच गरम पाणी, मग डिस्टिल्ड वॉटरने पाच वेळा खंगाळणं. साबणाचा ब्रश त्या ट्रेकडे फिरकत नाही.