वाळूतला बटण शंख शोधायचा आणि ओळखायचा कसा

कोकण-गोव्याच्या सपाट पुळणीवर गुलाबी, राखाडी, तपकिरी असे शर्टाच्या बटणाएवढे चकचकीत शंख दिसतात ना, तेच हे. शास्त्रीय नाव अंबोनियम वेस्टिअरियम, लिनीयसने 1758 मध्ये नोंदवलेली जात. साइज जेमतेम एक सेंटीमीटर, त्यामुळे मान खाली घालूनच चालायचं.

आधी टायमिंग बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सगळ्यात लांब जाते, पण आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत भरदुपारी भरती असते आणि ओहोटी पहाटे नि संध्याकाळी, म्हणजे नाश्ता-बिश्ता आटपून निवांत अकराला पोचलात तर नुसता समुद्र बघून परत यायचं. पावसाळ्यात जाऊच नका.

पाण्याच्या कडेची ओली वाळू बोटांनी हलकेच उकरा, इंचभर पुरे. जिवंत गोगलगायी तिथेच पुरून बसतात आणि पाण्यातलं बारीकसारीक खाणं कल्ल्याने गाळून खातात. शंका आली तर ओल्या वाळूवर ठेवा नि थोडं थांबा, जिवंत असेल तर परत आत घुसेल. तो तिथेच राहू दे, प्लीज, घरी नेलात तर मरणारच आणि वर दोन दिवस डब्याचा वास जाणार नाही. रिकामे हवे तेवढे मिळतात, फक्त आत बारका खेकडा तर नाही ना ते बघून घ्या.

ओळखायचं तर उलटा करा. वरच्या रंगावर नि नक्षीवर जाऊ नका, एकाच ओंजळीत दहा प्रकार निघतील. खाली मधोमध जाड, गुळगुळीत, बंद केल्यासारखा गोल भाग दिसला की झालं. सनडायल शंखाची पिल्लंपण अशीच चपटी असतात, पण त्यांना तिथे खोल खड्डा असतो आणि खड्ड्याच्या कडेला दाते.

एखाद्यावर अगदी गोल भोक दिसलं, बाहेरून रुंद नि आत निमुळतं, तर फुटका म्हणून फेकू नका! ते मून स्नेलचं, म्हणजे दुसऱ्या एका शिकारी शंखाचं काम, तो वाळूखाली याला पकडतो, कवच पोखरतो आणि आतलं खातो. मला तर अखंड शंखापेक्षा असलेच जास्त आवडतात, शिवाय दोरा ओवायला भोक आयतं.

साफ करायला गोडं पाणी आणि जुना टूथब्रश बास. लिंबू, व्हिनेगर अजिबात नको, कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, त्यामुळे चकाकी उडते. सावलीत वाळवा आणि डबीत जागा नि तारखेची चिठ्ठी टाका, ती लगेच लिहा, नंतर कुठला शंख कुठला ते कुणालाच सांगता येत नाही.