ध्वनिशिक्षणाची ऑन्टॉलॉजी बांधताना या चुका टाळा

संगणकीय संगीत शिकवण्यासाठी ऑन्टॉलॉजी बांधायची, म्हणजे त्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांचे परस्परसंबंध संगणकालाही तपासता येतील अशा काटेकोरपणे मांडायचे. मुंबईतल्या वर्गात दादर-गिरगावच्या गायनवर्गांतून आलेला विद्यार्थी आणि अंधेरीच्या स्टुडिओत साहाय्यक म्हणून काम करणारा विद्यार्थी शेजारी बसतात. दोघांच्या तोंडी शब्द तेच असतात, अर्थ मात्र वेगळे असतात, आणि माझ्या अनुभवात बहुतेक आराखडे याच ठिकाणी बिघडतात.

‘आवाज’ हाच शब्द घ्या. ‘आवाज वाढव’ म्हणताना पातळी अभिप्रेत असते, ‘तिचा आवाज गोड आहे’ म्हणताना गळा, आणि ‘कसला आवाज आला?’ असे विचारताना ध्वनी. ‘सॅम्पल’चीही तीच गत आहे: सीडीच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेल्या मापांपैकी एक माप हेही सॅम्पल, आणि सॅम्पलरमध्ये भरलेला तबल्याचा अख्खा बोल हेही सॅम्पल. शब्दालाच संकल्पना मानून ऑन्टॉलॉजीत त्याचा एक वर्ग, म्हणजे एक गट केला, की दोन्ही अर्थांचे गुणधर्म त्याला चिकटतात. म्हणून प्रत्येक संकल्पनेला स्वतंत्र ओळखचिन्ह द्यावे, एका वाक्यात व्याख्या लिहावी, आणि मराठी शब्द केवळ लेबल म्हणून जोडावेत. एकच लेबल दोन संकल्पनांना लागले तरी हरकत नाही.

षड्जाला क्रमांक देणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. जाणवणारी उच्चनीचता, मोजता येणारी वारंवारता आणि मिडीतला, म्हणजे वाद्ये व संगणक यांच्यातल्या संकेतपद्धतीतला, क्रमांक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मिडीतला ६९ हा क्रमांक प्रचलित मानकानुसार ४४० हर्ट्झचा असतो, पण तो संकेत आहे, ध्वनी नव्हे. षड्ज तर यांपैकी कशातच मावत नाही, कारण काळी एकचाही षड्ज असतो आणि काळी चारचाही (पेटीवरच्या कोणत्या पट्टीला ‘सा’ मानले, त्यावरून ही नावे पडतात). ‘षड्ज’ या वर्गाला ६० हा क्रमांक, म्हणजे पांढरी एक, कायमचा जोडला, तर काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीचा षड्ज आराखड्यात कोमल धैवत ठरेल. षड्ज हे आधारस्वराच्या संदर्भातले स्थान आहे, अशीच त्याची मांडणी करावी. मींडही एका क्रमांकात मावत नाही. मिडीत ती पिच बेंडच्या, म्हणजे सूर वरखाली सरकवणाऱ्या संदेशाच्या, १६,३८४ संभाव्य मूल्यांतून, काळाच्या ओघात बदलत जाणारी अशी नोंदवावी लागते.

रीझनरने तक्रार केली नाही म्हणजे सारे ठीक, असे मानणे

ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेत ‘वारंवारता असणे’ या गुणधर्माचे डोमेन, म्हणजे तो ज्यांना लागू होतो तो वर्ग, ‘स्वर’ असे ठेवले आणि पुढे त्याच गुणधर्माने फिल्टरला कटऑफ (गाळण्याची सीमा) म्हणून १,००० हर्ट्झ जोडले, तर रीझनर, म्हणजे लिहिलेल्यावरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम, चूक दाखवत नाही. फिल्टर हा स्वर आहे, असा निष्कर्ष तो निमूटपणे काढतो. स्वर आणि उपकरण हे वर्ग परस्परवर्जक असल्याचे घोषित केले, तरच विसंगती उघड होते. माहिती राहून गेली तरी रीझनर गप्प राहतो, कारण न लिहिलेले ते खोटे असे तो मानत नाही. अशा तपासणीसाठी शॅकल ही माहितीवरच्या अटी लिहिण्याची भाषा वापरावी.

भाग आणि प्रकार यांतही गल्लत करू नये: ऑसिलेटर हा सिंथेसायझरचा भाग आहे, प्रकार नव्हे. तसेच एखाद्या सॉफ्टवेअरचे मेनू उचलून वर्गांची उतरंड करू नये.

पूर्वज्ञानाचे चक्र

विषयातले संबंध आणि शिकवण्याचा क्रम या दोन गोष्टी एकाच दुव्यात गुंफू नयेत. एलियासिंग, म्हणजे उंच सूर चुकीच्या वारंवारतेवर उमटणे, समजायला आधी सॅम्पलिंग दर आणि त्याच्या निम्म्याची मर्यादा कळावी लागते: ४४,१०० हर्ट्झच्या दराने, गाळणी न लावता, २५,००० हर्ट्झचा सूर घेतला तर तो १९,१०० हर्ट्झवर उमटतो. हा क्रम ‘पाठ’ या वर्गातल्या वेगवेगळ्या घटकांमध्ये जोडावा, संकल्पनांच्या वर्गांमध्ये नव्हे. अडचण अशी, की ‘पूर्वज्ञान’ हा दुवा संक्रामक (अ-ब आणि ब-क यांवरून अ-क मानणारा) ठेवला तर ओडब्ल्यूएलच्या डीएल या मर्यादित रूपाच्या नियमांनुसार तोच दुवा ‘स्वतःकडे न वळणारा’ म्हणून घोषित करता येत नाही. त्यामुळे स्पेक्ट्रमसाठी फूरिये विश्लेषण आणि फूरिये विश्लेषणासाठी स्पेक्ट्रम, असे चक्र बिनबोभाट शिरते. प्रत्येक बदलानंतर, जो पाठ दुव्यांच्या साखळीने स्वतःपाशीच पोहोचतो तो शोधणारी क्वेरी स्पार्कल या प्रश्न विचारण्याच्या भाषेत लिहून चालवावी. तिच्याबरोबर शिकवणीतला एक खरा प्रश्नही विचारावा: काळी चारचा षड्ज किती हर्ट्झचा? आराखड्याने आधी सप्तक विचारले आणि मग, ४४० हर्ट्झच्या मानकानुसार, मिडी ५६ साठी सुमारे २०७.६५ व ६८ साठी ४१५.३० असे उत्तर दिले, तर षड्जाची मांडणी नीट झालेली आहे.