गार पाणी, तापलेला प्लग: हीटर आणि बॅटरीच्या बाबतीत या चुका टाळा

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली, की माळ्यावरचा पाणी तापवायचा रॉड आणि रूम हीटर खाली उतरतात. त्याच घरात आता स्कूटरची बॅटरी, पॉवर बँक आणि दोन-चार मोबाइलही रात्रभर चार्जिंगला असतात. वस्तू बहुतेक वेळा धडधाकट असते. घोळ असतो तो प्लगमध्ये, चार्जरमध्ये आणि ती वस्तू कुठे ठेवली आहे यात.

हीटर एक्स्टेन्शन बोर्डवर लावणे

2000 वॉटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतो. टीव्हीमागचा बोर्ड असतो 6 अँपिअरचा. जाड पिनांचा प्लग त्यात बसत नाही, म्हणून मधे एक कन्व्हर्जन प्लग येतो आणि हीटर सुरू होतो. सुरू झाला म्हणजे चालतं, असं आपण धरून चालतो. बोर्ड लगेच वितळत नाहीच. आतली पत्ती हळूहळू तापते, तिची पकड सैल होते आणि सैल जोडावर उष्णता आणखी वाढते. उद्या-परवा त्याच जागी ठिणगी पडते.

‘एमसीबी (मीटरजवळचा आपोआप पडणारा स्विच) आहे की’ हे उत्तर इथे कामाचं नाही. एमसीबीला जादा करंट आणि शॉर्ट सर्किट कळतं, सैल जोड कळत नाही. आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून 16 अँपिअरच्या जागी 32 चा बसवून देणारे वायरमनही आहेत. त्याने एमसीबी पडायचा थांबतो, भिंतीतली वायर तापायची थांबत नाही.

तपासायचं असेल तर हीटर वीसेक मिनिटं चालवा, बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, सॉकेटभोवती तपकिरी डाग दिसला किंवा मासळीसारखा वास आला, तर सॉकेट बदला. (रोज कालवण शिजणाऱ्या घरात त्या वासाकडे कोण लक्ष देणार, हे मान्य.) नुसते स्क्रू आवळून भागत नाही, कारण पत्तीचा ताणच गेलेला असतो. हीटर, गिझर आणि रॉड यांना भिंतीतलं 16 अँपिअरचं सॉकेटच हवं.

हीटरपासून पडदा, गादी, पांघरूण किमान तीन फूट लांब ठेवा. त्यावर ओले मोजे वाळत घालणं म्हणजे तर हद्दच झाली.

रॉड लावून दुसऱ्या कामाला जाणे

रॉडवर पाण्याच्या पातळीची खूण असते. पाणी त्याखाली गेलं की उघडा भाग लालबुंद होतो, प्लास्टिकची बादली आधी वितळते आणि मग पेटते. लोखंडी बादलीत पेटायची भीती कमी, शॉकची जास्त. बटण बंद केल्यावर थोडं थांबून मगच रॉड बाहेर काढा.

‘बसतोय ना’ म्हणून दुसरा चार्जर लावणे

स्कूटरच्या बॅटरीबाबत ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 48 व्होल्टच्या बॅटरीत साधारण 13 लिथियम सेल एका ओळीत असतात. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टला भरतो, म्हणजे पूर्ण बॅटरी 54.6 व्होल्टला. 48 व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीचा चार्जर मात्र 58-59 व्होल्टपर्यंत जातो. पिन सारखी, वर लिहिलेला आकडाही सारखाच! आतलं संरक्षक सर्किट नीट असेल तर ते पुरवठा तोडतं. स्वस्तात जुळवलेल्या बॅटरीत तेच कच्चं असेल, तर सेल अति भरून तापतो, आणि एक पेटला की शेजारचा पेटतो. म्हणून चार्जर मूळचाच वापरा, किंवा बॅटरीवरचं ‘कमाल चार्जिंग व्होल्टेज’ जुळवून मगच घ्या.

उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या. फुगलेली, पडून चेपलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी ‘एकदा लावून बघू’ म्हणून लावू नका. मोबाइलचं मागचं झाकण उचललं गेलं असेल तर ते दाबून बसवू नका. अशी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यातही नको, ई-कचरा संकलनात द्या.

दारापाशी, जिन्याखाली, झोपल्यावर

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. चाळीत आणि जुन्या इमारतीत बॅटरी ठेवायला सोयीची जागा म्हणजे दाराजवळचा कोपरा किंवा जिन्याखालची मोकळी जागा. नेमकी तीच बाहेर पडायची वाट असते. लिथियमचा धूर विषारी असतो आणि काही सेकंदांत खोली भरते. पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय करण्यावरून सोसायटीत वाद होतात. ते होऊ द्या, पण तोवर चौथ्या मजल्याच्या पॅसेजमधून वायर सोडू नका. चार्जिंग जागेपणी करा. मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करणं तर बंदच करा.

पेटलंच तर

हीटर किंवा बोर्डातून धूर आला तर आधी मेन स्विच बंद करा. विजेचा पुरवठा चालू असताना पाणी ओतू नका. बॅटरी फुसफुसायला किंवा धुरायला लागली तर उचलून बाहेर न्यायच्या फंदात पडू नका. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि 101 किंवा 112 ला फोन करा. पावडरचा अग्निशामक ज्वाळा विझवतो, पण आतला सेल तापलेलाच राहतो आणि काही तासांनी बॅटरी पुन्हा पेटू शकते. म्हणून आग विझली असं वाटलं तरी अग्निशमन दलाला बोलवा, आणि बॅटरी होती हे आधीच सांगा.