ब्रेक नेमका कुठे बिघडलाय हे घरीच कसं ओळखायचं

ब्रेकची काहीही तक्रार सांगा, समोरचा म्हणणार पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवणारे तुकडे) बदलून टाक. कधी कधी ते बरोबर पण निघतं, पण पेडल खाली जातंय आणि तुम्ही पॅड बदलले तर पैसे गेले आणि त्रास तिथेच. त्यामुळे गाडी मेकॅनिककडे न्यायच्या आधी एवढं तरी बघून ठेवा की त्रास कधी होतो, म्हणजे फक्त ब्रेक दाबल्यावर की पाय काढल्यावर पण, गाडी गार असताना की बरीच चालल्यावर, हळू चालवताना की हायवेच्या स्पीडला. पार्ट्स उघडायच्या आधीच निम्मी भानगड यातून कळते.

सुरुवात पेडलपासून करा, कारण सगळ्यात जास्त तेच सांगतं आणि त्यासाठी चाक पण काढावं लागत नाही. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, बूस्टरमधला (म्हणजे इंजिनच्या व्हॅक्युमवर पायाचा जोर वाढवणारा डबा, त्यातला) व्हॅक्युम संपला की ते कडक होतं. आता तसंच दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडंसं खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे. अजिबात हललं नाही तर बूस्टर, त्याच्याकडे येणारा पाइप किंवा त्या पाइपवरचा वन-वे व्हॉल्व्ह यातलं काहीतरी गेलंय, आणि यात आधी पाइप बघा कारण तो चिरला असेल तर नुसत्या डोळ्याला दिसतो, कधी कधी हवा ओढल्याचा सुस्स आवाज पण येतो. डिझेल गाडीत व्हॅक्युम पंप वेगळा असतो, तो पण यादीत ठेवा. (ज्या गाडीत बूस्टर इलेक्ट्रिक आहे तिथे ही टेस्ट लागू नाही.)

इंजिन चालूच ठेवा आणि दुसरी टेस्ट करा. पेडल एकसारख्या जोराने दाबून अर्धा मिनिट धरा. ते हळूहळू खाली सरकत गेलं तर प्रेशर कुठेतरी सुटतंय. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची लेव्हल बघा, चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओलं आहे का बघा. कुठेच ओलं नाही आणि लेव्हल पण जागच्या जागी, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) आतले सील गेलेत असं धरून चाला, ऑइल आतल्या आतच मागे फिरतंय. लेव्हल कमी होतेय पण बाहेर एक थेंब दिसत नाही असं असेल तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या मागच्या बाजूने बूस्टरमध्ये उतरत असू शकतं, ही जागा बरेच जण बघतच नाहीत.

लेव्हलवरून आठवलं, पॅड झिजले की त्यांना ढकलणारा पिस्टन जास्त बाहेर येतो आणि डब्यातलं ऑइल आपोआप थोडं खाली जातं. म्हणून लेव्हल कमी दिसली की लगेच ओतू नका, आधी पॅड बघा. आणि ओतायचं झालं तर झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, चुकून सुद्धा इंजिन ऑइल नाही, त्याने रबरी सील फुगतात आणि अख्खी सिस्टीम खोलावी लागते.

पेडल मऊ लागतंय, दाबत गेलं की दबतंय, आणि पटापट पंप केलं की वर येतंय, तर ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे, ब्लीड करावं लागेल, म्हणजे ऑइलसोबत ती हवा बाहेर काढावी लागेल. पहिल्या दाबाला खोल जातं पण दुसऱ्याला वर येऊन चांगलं कडक लागतं, आणि मागे डिस्कऐवजी ड्रम आहेत, तर तिथल्या लायनरचं (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांचं) अॅडजस्टमेंट ढिलं झालेलं असू शकतं. मोठा उतार उतरतानाच पेडल मऊ पडत असेल तर जुनं ऑइल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, नवीन डॉट ४ किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी शिरल्यावर तेच १५५ च्या आसपास येऊ शकतं, मग ते उकळून वाफ होते आणि वाफ दबते. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात ते उगाच नाही. याउलट पेडल कडक आहे, पाय पूर्ण जोर लावतोय आणि गाडीच थांबत नाहीये, वर जळका वास, तर पॅड जास्त तापलेत. खालच्या गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही.

आता आवाज. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येऊन बंद होते ती डिस्कवरच्या गंजाच्या थराची, गाडी धुतली किंवा पावसात उभी होती तर येणारच, सोडून द्या. रोजची बारीक किंचाळी असेल तर बऱ्याच पॅडवर एक पत्र्याची पट्टी असते, पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि मुद्दाम ओरडते. नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं, ३ मिमी राहिलं की बदला. बघताना आतला पॅड पण बघा, कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, तो ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन जाम असेल तर एक पॅड पार संपतो आणि दुसरा छान दिसतो. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर गाडी तिथेच थांबवा आणि उचलून न्या.

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते तेव्हा ती बहुतेक वेळा ज्या बाजूचा ब्रेक नीट लागतोय तिकडे जाते, म्हणजे बिघाड दुसऱ्या बाजूला असतो, हे उलटं वाटतं पण असंच आहे. पण पाय काढल्यावर पण ओढत राहिली तर त्याच बाजूचा कॅलिपर चिकटलाय. थोडं चालवून, शक्यतो ब्रेक न लावता थांबून, प्रत्येक चाकाजवळ हात न्या, टेकवू नका, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर सापडलं. ब्रेकला हात न लावता ओढत असेल तर आधी टायरची हवा आणि अलाइनमेंट.

थरथर स्टीअरिंगला आली तर पुढच्या डिस्क, सीटमध्ये आली तर मागच्या बाजूला बघा. पण ब्रेक न दाबता पण थरथरते तर ते व्हील बॅलन्सिंग. आणि जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाला धडधड लागते ते एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आहे, पाय उचलायचा नाही. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबता थांबता मात्र एबीएस लागत असेल तर चाकाचा सेन्सर किंवा त्याची रिंग घाण झालीय किंवा खराब.

डॅशबोर्डवर पिवळा एबीएस लाइट असेल आणि पेडल नॉर्मल असेल तर साधे ब्रेक लागतात, सांभाळून गॅरेजपर्यंत जा. लाल लाइट हँडब्रेक सोडून पण जात नसेल तर लेव्हल बघितल्याशिवाय हलू नका.

आणि स्वतः पॅड बदलणार असाल तर गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँड लावा, ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका, आणि सगळं बसवून झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो आणि पहिला ब्रेक थेट फरशीला जातो.