अंधारातली रोपं उजेडात आणताना या चुका टाळा

अंधारात वाढवलेली गव्हाची पिवळी रोपं उजेडात ठेवायची आणि हरितलवक कसं तयार होतं ते बघायचं, प्रयोग दिसतो सोपा म्हणून सगळे घाई करतात आणि मग आकडे जुळत नाहीत.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे मधेच डोकावणं. एक विद्यार्थी आलेख घेऊन आला, म्हणाला सुरुवातीचे काही तास क्लोरोफिल हळू वाढतं ना, तो लॅग माझ्या रोपांत नाहीच, काहीतरी नवीन सापडलंय. विचारलं, पाणी कसं घालायचास? तर रोज कपाट उघडून मोबाइलच्या टॉर्चमध्ये, "दोनच मिनिटं". अरे, इटिओप्लास्टमध्ये, म्हणजे अंधारातल्या रोपाच्या अर्धवट हरितलवकात, प्रोटोक्लोरोफिलाइड हा क्लोरोफिलचा कच्चा माल एन्झाइमला धरून तयारच बसलेला असतो, एका फ्लॅशमध्ये त्यातलं बरंचसं क्लोरोफिलाइड, म्हणजे क्लोरोफिलच्या आधीची पायरी, होऊन जातं. फायटोक्रोमला, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या प्रथिनाला, तर त्याहूनही कमी उजेड पुरतो आणि एकदा तो जागा झाला की पुढचा लॅग आखडतो. रोप डोळ्याला पिवळंच दिसतं, त्यामुळे शंकाही येत नाही. त्याला सगळं परत पेरायला लावलं, वाईट वाटलं पण इलाज नव्हता. मी पेरतानाच भरपूर पाणी देते, डब्यावर फॉइल, वरून दुसरा डबा, आणि पानं कापायच्या दिवसापर्यंत हात लावत नाही. हिरवा दिवा सेफ असतो म्हणतात, पण फायटोक्रोम हिरवा प्रकाशही थोडा शोषतो, म्हणून अगदी मंद आणि कापण्यापुरताच.

दुसरं, अंधारातून थेट प्रखर उजेडात आणू नका. साठलेलं प्रोटोक्लोरोफिलाइड जोरदार उजेडात सिंगलेट ऑक्सिजन हा पेशींना इजा करणारा ऑक्सिजन तयार करतं, पानं हिरवी व्हायच्या ऐवजी पांढरी पडतात. आधी मंद पांढरा उजेड, मग हळूहळू वाढवा. लवकर रिझल्ट हवा म्हणून दिवा जवळ आणणाऱ्यांना माझ्याकडून सहानुभूती मिळणार नाही.

क्लोरोफिल काढताना अख्खं पान वाटू नका. गव्हाचं पातं बुडाकडून वाढतं, टोकाच्या पेशी सगळ्यात जुन्या, बुडाशी प्रोप्लास्टिड, म्हणजे अजून न घडलेली लवकं, सगळं एकत्र केलं की सरासरीत काहीच दिसत नाही. टोकापासून ठरावीक अंतरावरचा तुकडा घ्या, प्रत्येक वेळी तोच.

फार जुनी रोपं घेऊ नका, ती हिरवी व्हायला जास्त वेळ लावतात.

663 आणि 645 नॅनोमीटरला अर्क किती प्रकाश शोषतो त्यावरून क्लोरोफिल काढणारी अरनॉनची समीकरणं (1949) फक्त क्लोरोफिल ए आणि बी धरतात, प्रोटोक्लोरोफिलाइड नाही, त्यामुळे अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्यांच्यावर विसंबू नका.

आणि तुलनेसाठी अंधारातला कंट्रोल म्हणून पाइनची रोपं आणू नका, त्यांची बीजपत्रं अंधारातही हिरवी होतात.